तीन भिंतींचं घर

केनवडच्या तुळसाबाईनं सिनेमाच्या त्या घरात पहिल्यांदा पाय ठेवला आणि ती तिथंच थबकली. घराला चौथी भिंतच नव्हती. तीन भिंती होत्या, त्याही प्लायवूडच्या, वर अर्धंच छप्पर, आणि समोरची बाजू सताड उघडी. मागच्या भिंतीला दार होतं, दाराला चांगली लोखंडी कडी होती, पण ते उघडलं की पलीकडं सरळ तुरीचं वावर. तुळसाबाईनं दार उघडून पाहिलं, लावलं, पुन्हा उघडून पाहिलं.

"बाप्पा," ती म्हणाली, "दाराले एवढी कडी लावली, अन् समोरून हत्ती आत येईन!"

आता ही तुळसाबाई कोण, ते सांगतो. वय पंचावन्नच्या घरात. गावाबाहेर अर्ध्या एकरात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायची आणि बाजारात विकायची, हा तिचा धंदा. पण गावात तिचं नाव होतं ते सारवणासाठी. शेण कुठल्या गाईचं घ्यावं, पांढरी माती किती घालावी, पोतेरा कसा फिरवला म्हणजे भुईवर बोटाची रेघ उठत नाही, हे तिच्याकडून शिकावं. पण शिकणार कोण? घरोघरी फरशी आली. आता तिला बोलावणं यायचं ते दिवाळीत चुलीसाठी, लग्नात बोहल्याच्या जागेसाठी, आणि घरातलं माणूस गेलं म्हणजे. मढं उचललं, की ते जिथं ठेवलं होतं ती जागा सारवायची, पीठ पसरून वर दुरडी पालथी घालायची, शेजारी दक्षिणेकडं तोंड करून दिवा लावायचा. गावातल्या अशा कितीतरी जागा तुळसाबाईनं सारवल्या होत्या. तिचा नवरा पुंजाजी सात वर्षांपूर्वी गेला. कुठं आणि कसा, ते ती कुणाला सांगत नसे. आपणही आत्ताच विचारायचं नाही.

तिला या घरात आणलं धम्मदीपानं. ही मंगरूळपीरची पोरगी, तीस-बत्तीसची. मुंबईला शिकून आलेली. सिनेमातलं घर कसं दिसावं, त्यात चूल कुठं, उतरंड कुठं, भिंतीचा रंग किती उडालेला, हे सगळं ठरवायचं तिचं काम. आजवर तिनं दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं होतं. हा तिचा स्वतःचा पहिला सिनेमा. तिनं कागदावर घर झकास काढलं, सुतारांनी उभंही केलं, पण प्लायवूडवर माती काही टिकेना. सकाळी लिंपावं आणि दुपारी पोपडा खाली. मग तिनं मातीत डिंक कालवला.

"डिंक?" तुळसाबाईनं बादलीत बोट बुडवून वास घेतला. "पोरी, हे भिंत हाय का बाळंतिणीचा लाडू?"

धम्मदीपा हसली. म्हणाली, "मंग काय करू मावशी? तुमीच सांगा."

मुंबईला शिकलेली पोरगी आपल्या बोलीत बोलते हे पाहून तुळसाबाई जरा सैल झाली. तिनं सुताराकडून जुनी पोती मागवली, प्लायवूडवर ताणून ठोकून घेतली, पाणी मारलं आणि मग त्यावर हात फिरवला. माती पोत्याला धरून बसली ती बसलीच. दोन दिवसांत तिन्ही भिंती झाल्या, भुई झाली. आरसाच! तुळसाबाई लांब जाऊन मान तिरपी करून बघत राहिली. कितीतरी वर्षांनी एवढं मोठं घर तिच्या हाताखालून गेलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर काय, धम्मदीपा उकिडवी बसून खुरप्यानं तीच भुई उकरत होती! चुलीजवळ पोपडे काढले होते, दाराशी खळगा केला होता, वरून चहाचं पाणी शिंपडलं होतं, भिंतीला कोळसा फासला होता.

"अवं माय! हे काय करून राह्यली तू?"

"घर जुनं दिसाले पाह्यजे मावशी. या घरातली रंगूबाई म्हातारी हाय. तिच्यानं सारवनं होत नाई."

"मंग मले बलावलं कायले? लोक म्हनतीन, तुळसाबाईनं असं सारवलं. माह्यं नाक कापून राह्यली का?"

"तुमी चांगलं केलं म्हनून तं ते मोडता येते. जे चांगलं नाई झालं, ते मोडून दाखवनार कसं?"

तुळसाबाईला यातलं काही कळलं नाही. पण पोरगी गोड बोलली, म्हणून तिनं तोंड बंद ठेवलं आणि पदरानं घाम पुसला. भिंतीची माती कुठं सुटलीच तर डागडुजी करायला तिनं शूटिंग संपेतो थांबायचं ठरलं.

मग शूटिंग सुरू झालं, आणि तुळसाबाईच्या डोक्याचा पार भुगा झाला.

पहिला घोळ सूर्याचा. घराच्या चारी बाजूंनी काळे पडदे टांगले होते, खरं ऊन आत येऊ नये म्हणून. आणि ऊन पाडायला कोण, तर जवळच्या तांड्यावरचा सेवालाल! हा लग्नाच्या मांडवाला लायटिंग करणारा गडी, आता इथं दिव्यांचा कारभारी झाला होता. डायरेक्टर म्हणाला "सकाळ", की सेवालाल मोठा दिवा मागच्या दाराशी नेऊन उंच करायचा. "संध्याकाळ" म्हणाला, की दिव्यापुढं नारिंगी कागद लावून तो डाव्या भिंतीच्या खिडकीशी. एका दिवसात तीनदा सकाळ झाली. मधे एक दुपार, आणि मग पुन्हा सकाळ.

"सेवालाल, काय गा, मले तं उगवत कोनती अन् मावळत कोनती तेच समजून नाई राह्यलं."

"मावशी, मी जिकडं दिवा लावीन तिकडं उगवत!" सेवालाल छाती फुगवून म्हणायचा.

त्याचीही कमी फजिती नव्हती. मांडववाला माणूस तो, कुठं काळोखा कोपरा दिसला की त्याचा हात वायरीकडं जायचा. धम्मदीपानं त्याला चुलीमागचा कोपरा अंधारा ठेवायला सांगितलं, तर यानं गुपचूप तिथं एक बल्ब लावून दिला. वर म्हणतो कसा, "मॅडम, मांडवात अंधार राह्यला तं पोरीचा बाप मले मारते." धम्मदीपानं त्याला कॅमेऱ्यामागं उभं केलं, बल्ब बंद करून दाखवला, चालू करून दाखवला. दोघंही बराच वेळ त्या एका कोपऱ्यावर भांडली. शेवटी सेवालालनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अंधार लावाचा हाय, असं सांगा ना मंग." तेव्हापासून दोघांचं जमलं.

दुसरा घोळ त्या रंगूबाईचा. रंगूबाई म्हणजे सिनेमातली म्हातारी. ते काम करणारी नटी पुण्याची, चांगली हसऱ्या तोंडाची बाई. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी उतरत्या दुपारी ती चुलीजवळ आडवी झाली, डोळे मिटले, आणि चौघांनी तिला उचलून तिरडीवर ठेवलं. मागच्या दारातून तिरडी तुरीच्या वावरात गेली. कुणी रडलं, कुणी टाहो फोडला. तुळसाबाईनं पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात डायरेक्टर "कट" म्हणून ओरडला. आणि मेलेली रंगूबाई भिंतीला वळसा घालून, हातात चहाचा कप घेऊन तुळसाबाईसमोर येऊन उभी!

"काय मावशी, कसं झालं?"

"लय चांगलं झालं," तुळसाबाई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मेलेल्या माणसाला असं म्हणतात का कुणी? आणि मेलेली असेल तर चहा कशी पिते? तिला हसावं की हात जोडावे तेच समजेना.

दिवेलागणीला सगळी मंडळी गाड्यांत बसून रिसोडला मुक्कामाला गेली. तुळसाबाई बादल्या गोळा करायला मागं राहिली, आणि तिची नजर चुलीजवळच्या त्या जागेवर गेली. माणूस उचलून नेलं होतं, आणि जागा तशीच पडलेली! दिवा नाही, सारवण नाही, कुणी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाई खोटी मेली हे तिला ठाऊक होतं. आत्ताच तर ती चहा पिऊन गेली. तरीही तुळसाबाईचा पाय तिथून निघेना. शेवटी तिनं बादलीत शेण कालवलं, पोतेरा घेतला आणि एकच पातळ हात देऊन का होईना, ती जागा, मग चुलीची कड, मग दारापर्यंतची सगळी भुई सारवून काढली. उतरंडीच्या मडक्यात खरं ज्वारीचं पीठ होतं, ते पसरलं. वर दुरडी झाकली. दिवा लावला. सेवालालचा सूर्य रोज डाव्या खिडकीशी मावळायचा, तेव्हा तिकडं पश्चिम, म्हणजे दक्षिण इकडं, असा हिशेब करून तिनं दिव्याचं तोंड फिरवलं आणि घरी गेली. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

सकाळी येते तर आकाश फाटलेलं.

डायरेक्टर कमरेवर हात ठेवून चुलीपुढं उभा. "हे काय आहे? कालची भुई कुठं गेली?" तो गरजत होता. आणि सामान वाहणारे गावातले गडी काय करत होते? दुरडी उचलून पिठावर ओणवे झाले होते! मेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते पिठातल्या पावलांवरून कळतं, तेव्हा एक म्हणे पाखरू, दुसरा म्हणे मुंगी, तिसरा म्हणे ही तर पाल हाय. डायरेक्टरच्या डोक्याचं इकडं भजं झालं होतं, आणि हे लोक तिकडं पाऊल शोधत बसले होते.

"सायेब, म्या सारवली," तुळसाबाई पुढं झाली. "काल बाई मेली ना. मानूस गेल्यावर जागा सारवत नाईत, असं कोनतं घर हाय?"

"अहो, आज ती जिवंत आहे!"

"कवापासून?"

डायरेक्टरनं कपाळावर हात मारला. सेवालाल तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मावशी, सिनेमात कवा कवा अगोदर मरन काढतेत, मंग जगनं. आज थे बाई याच चुलीवर भाकरी थापनार हाय. भुई कालच्यावानीच पाह्यजे, नाई तं एकाच दिवसात ती जुनी अन् नवी दिसन."

"पन उलटं काहून?"

"सोयीनं."

"मानसाले असी सोय असती तं," तुळसाबाई पुटपुटली.

डायरेक्टर धम्मदीपाकडं वळला. "बाईंची पुण्याची गाडी आहे. दोनला त्या वाशिमला निघणार, पुन्हा तारखा नाहीत. अकरापर्यंत भुई कालच्यासारखी झाली नाही तर सीन गेला. आणि मग तूही त्यांच्याच गाडीत बस. बाकीच्या सिनेमाला मी मुंबईहून दुसरा माणूस बोलावतो."

"चूक माझी आहे, सर," धम्मदीपा म्हणाली. "कोणता सीन आधी आणि कोणता नंतर, हे मी मावशींना सांगितलंच नाही." आणि डायरेक्टर गेल्यावर ती चुलीसमोर मटकन खाली बसली. तिचे डोळे भरले होते.

तुळसाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची पहिली भाकरी आणि तीच आपण तव्यावरून पाडली! तिनं खुरपं उचललं, पण दिव्याकडं पाहून तिचा हात थांबला.

"पुसाचं व्हय? दिवा लावलेली जागा?"

धम्मदीपानं डोळे पुसले. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मावशी, खरं सांगा. काहून सारवलं?"

आणि जे तुळसाबाईनं सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिनं त्या तीन भिंतींच्या घरात सांगून टाकलं.

"आमी तिकडं घाटावर ऊस तोडाले गेलतो. तापानं गेले आमचे हे, थ्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, झुंजूमुंजू झालं तवा. दोन घंट्यात त्याइले गाडीत घातलं अन् मलेबी बसवलं. म्या म्हनलं, एवढी जागा सारवू द्या मले, एक दिवा लावू द्या. मुकादम म्हने, गाडी थांबत नाई. मंग आयकाले आलं, दुसऱ्याच दिवशी कोपी मोडली अन् तिथं बैल बांधले." तिनं नाक पुसलं. "साऱ्या गावाच्या मेलेल्याइच्या जागा म्या सारवल्या वं पोरी. माह्याच घरधन्याची राह्यली. काल थे बाई उचलली अन् सारे निंघून गेले, तं मले राहवलं नाई."

सेवालाल वायरीची गुंडाळी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

मग तुळसाबाई स्वतःच उठली. तिनं दिव्याला हात लावून कपाळाला लावला, आणि तो उचलला. "चाल. थे बाई खोटी हाय, तुह्यं काम खरं हाय. पुसू."

"मावशी," सेवालाल चाचरत म्हणाला, "याचं तोंड दक्षिनेकडं नोहतं. उगवतीकडं होतं."

"उगवतीकडं?" तुळसाबाई खिडकीकडं, दाराकडं, काळ्या पडद्याकडं पाहत राहिली. "म्हंजे थेबी चुकलंच का?" एवढं बोलून तिनं दिवा विझवला.

पण मोडायचं म्हणजे तरी कसं? धम्मदीपाच्या मोबाईलवर कालच्या भुईचे फोटो होते. तुळसाबाईनं एक फोटो उलटा धरला, एक सुलटा, कॅमेऱ्याकडून मोजलं, दाराकडून मोजलं, आणि खुरप्यानं पोपडा उडवला तो नेमका भलत्याच जागी. दुसराही चुकला. नऊ वाजून गेले होते. धम्मदीपा म्हणाली, "थांबा मावशी, असं नाई होत."

तुळसाबाईनं डोकं धरलं. आणि एकाएकी म्हणाली, "अवं, पन म्या तं एकच हात फिरवला. पातळ. खालचं सारं तसंच असन ना!"

"असन, पन दिसते कुठं?"

"दिसते," सेवालाल म्हणाला. "थांबा जरा."

त्यानं आपला सूर्य स्टँडवरून काढला आणि पार भुईला टेकवून, आडवा ठेवून लावला. आणि काय सांगू! सारवलेली भुई, जी वरून सपाट दिसत होती, ती उठून आली. चुलीजवळचा पोपडा, दाराचा खळगा, भेगा, एकूण एक, आपापली सावली घेऊन. नवं सारवण त्यावर झिरझिरीत लुगड्यासारखं पसरलं होतं.

"बाप्पा! अंधार लावते अन् उजेडबी आडवा पाडते!" तुळसाबाई म्हणाली. पदर खोचला आणि ती कामाला लागली. धम्मदीपा फोटो धरून सांगत होती, "तिथं नाई, वीतभर अलीकडं." सेवालाल दिवा इंच इंच सरकवत होता. आणि तुळसाबाई ओल्या फडक्यानं, नखानं, नारळाच्या करवंटीच्या कडेनं आपलंच सारवण सालीसारखं सोलत होती. सकाळी चुकून उडवलेले दोन पोपडे तिनं बुजवले. चहाचं पाणी तिनंच मागून घेतलं. मग सेवालालनं सगळे दिवे भुईवर रोखले आणि ओल वाळवून काढली. तिघांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

अकराला दहा कमी असताना डायरेक्टर आला. फोटो पाहिला, भुई पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"बाईंना बोलवा," तो म्हणाला.

रंगूबाई आली, चुलीशी बसली, भाकरी थापली, सिनेमातल्या लेकाशी बोलली, हसली. तुळसाबाई कॅमेऱ्यामागून टक लावून पाहत होती. काल मेलेली बाई आज भाकरी भाजत होती, आणि भुईवर कुठं दिव्याची खूण नव्हती. तिला वाटलं, आपल्याही कोपीत असंच उलटं फिरून जाता आलं असतं तर. सिनेमाचा हा उलटा हिशेब मात्र तिला अजूनही कळत नव्हताच.

दोनला नटी वाशिमच्या स्टेशनाकडं निघून गेली. या घरातलं काम संपलं होतं. चारच्या सुमारास ट्रॅक्टर आला, घर मोडून न्यायला. गड्यांनी काळे पडदे सोडवले. तुळसाबाई आपल्या बादल्या घेऊन निघाली, तर धम्मदीपा आडवी आली. तिच्या हातात शेणाची पाटी होती. कोपरापर्यंत हात बरबटलेले, म्हणजे पोरीनं स्वतःच भरून आणली होती.

"मावशी, सारवा."

"आता कायले? थे तं गेली गाडीनं."

"तिच्यासाठी नाई."

तुळसाबाई तिच्याकडं बघत राहिली. काही कळेना. मग कळलं. ती पाटी घेऊन चुलीजवळ गेली आणि बसली. या वेळी तिनं पातळ नाही सारवलं. दुहेरी हात दिला, चुलीपासून दारापर्यंत, आणि बोटाची एक रेघ उठू दिली नाही. सेवालाल ट्रॅक्टरवाल्यापुढं उभा राहून त्याला म्हणत होता, "घंटाभर दम धर गा. घरात मानूस हाय."

पीठ पसरून झालं. दुरडी झाकली. दिवा लावून तुळसाबाईनं मान वर केली. पडदे नव्हते, सेवालालचे दिवे पेटीत गेले होते, आणि तुरीच्या वावरावर खरा सूर्य उतरत होता. तिला कुणाला काही विचारावं लागलं नाही. तिनं दिव्याचं तोंड दक्षिणेकडं केलं आणि हात जोडले.

"झालं वो तुमचं," ती म्हणाली. "सात वर्सं उशीर झाला, पन झालं."